शांत विनोदी मालिका कशी पाहावी

काही विनोदी मालिका अशा असतात की त्यांची गोष्ट सांगा म्हटले तर सांगता येत नाही. दोन मित्र धातुशोधक यंत्र घेऊन शेतातून फिरतात, एक कुटुंब संध्याकाळी टीव्हीसमोर बसून बोलत राहते, एक टॅक्सीचालक गाडीत बसल्या बसल्या आपल्या संसाराबद्दल सांगतो. याहून फारसे काही त्यांत घडत नाही. तरीही ज्यांना त्या आवडतात त्यांच्या मनात त्या वर्षानुवर्षे घर करून राहतात. दुसरीकडे, कुणाच्या तरी शिफारशीवरून अशी मालिका सुरू केलेले कितीतरी लोक पहिला भाग अर्धा पाहून ती सोडून देतात, आणि यात त्यांची रसिकता कमी पडते असे मला मुळीच वाटत नाही. जोरकस विनोद पाहून पाहून आपल्याला जी सवय लागलेली असते, त्याच सवयीने हा विनोद पाहिला तर तो हाती लागत नाही, एवढेच. म्हणून तो कसा पाहावा, कुठून सुरुवात करावी, लक्ष कशाकडे ठेवावे आणि कोणती मालिका खुशाल सोडून द्यावी, हे इथे थोडे सविस्तर मांडले आहे.

शांत विनोदी मालिका म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर एक ठरावीक प्रकार आहे. मोजकी माणसे, एक-दोन जागा, रोजच्या जगण्यातले प्रसंग आणि फजितीचा कळस होईपर्यंत न ताणलेला विनोद, अशी त्याची ढोबळ ओळख सांगता येईल. बीबीसीवर १९९८ मध्ये सुरू झालेली 'द रॉइल फॅमिली', बीबीसी फोरवर २०१४ पासून दाखवली गेलेली 'डिटेक्टरिस्ट्स', दूरदर्शनवर १९८८ मध्ये आलेली 'वागले की दुनिया', मराठीतली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आणि अलीकडची 'गुल्लक' ही त्याची वेगवेगळ्या भाषांतली उदाहरणे आहेत. या मालिकांचे एकमेकींशी नाते विषयाचे नाही. साध्या माणसाच्या साध्या दिवसाकडे निवांतपणे पाहत राहण्याची तयारी हे ते नाते आहे.

आधी हशाची सवय सोडवावी लागते

टीव्हीवरच्या विनोदाला हशाची जोड फार पूर्वीपासून आहे. १९५१ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली 'आय लव्ह लूसी' स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांसमोर तीन फिल्म कॅमेऱ्यांनी चित्रित होत असे, आणि पुढे कित्येक दशके विनोदी मालिकांचा तोच साचा झाला. ध्वनितंत्रज्ञ चार्ली डग्लस यांनी त्याच दशकात मुद्रित हशा हवा तिथे आणि हवा तेवढा वाजवता येईल असे यंत्र बनवले, आणि मग समोर प्रेक्षक नसतानाही हशा ऐकू येऊ लागला. या हशाने प्रेक्षकाचे बरेचसे काम परस्पर होऊन जाते. विनोद कुठे झाला, तो किती मोठा होता आणि आपण एकटेच हसत नाही आहोत, या तिन्ही गोष्टी तो सांगून टाकतो. नटही त्याच्यासाठी थांबतात, लेखकही त्याच्या अंतराने वाक्ये रचतात, आणि हळूहळू आपला कान त्या ठेक्याला इतका सरावतो की हशा नसला तर विनोदही नसावा असे वाटू लागते.

हा फरक स्वतः अनुभवायचा असेल तर १९७२ ते १९८३ या काळात चाललेली 'मॅश' ही अमेरिकी मालिका उपयोगी पडते. कोरियन युद्धातल्या एका लष्करी रुग्णालयाची ही गोष्ट. वाहिनीच्या आग्रहामुळे तिच्यात मुद्रित हशा घातलेला होता, पण शस्त्रक्रियेच्या दृश्यांत तो वापरायचा नाही असे निर्मात्यांनी मान्य करून घेतले होते. तेच डॉक्टर, तशाच कोट्या आणि तोच खेळकर सूर; पण शस्त्रक्रिया चालू असताना हशा थांबतो आणि त्या कोट्यांमागची भीती व थकवा एकदम ऐकू येऊ लागतो. हशा उठला की आपण वाक्याला हसतो, आणि तो नसला की ते वाक्य बोलणाऱ्या माणसाकडे पाहू लागतो. शांत विनोदी मालिकांचा सारा पाया या दुसऱ्या गोष्टीवर उभा आहे.

त्यामुळे पहिली सूचना अशी, की पहिले दोन भाग आपण किती वेळा हसलो या मापाने मोजू नका. त्या दोन भागांत फक्त माणसांची ओळख होऊ द्या. कोण कुणाशी कसे बोलते, कुणाचे म्हणणे कुणी ऐकत नाही, कोण बोलायचे ठरवून गप्प बसते, एवढे कळले तरी पुरेसे आहे. या मालिकांतला विनोद माणसाच्या स्वभावातून येतो आणि स्वभाव कळायला वेळ लागतो. पहिल्या भागात अगदी साधे वाटलेले एखादे वाक्य चौथ्या भागात तेच माणूस पुन्हा बोलते तेव्हा हसू येते, कारण तोवर ते तसेच बोलणार हे आपल्याला ठाऊक झालेले असते.

दुसरी सूचना मोबाइलबद्दलची आहे, आणि ती मी उपदेश म्हणून करीत नाही. एका हाताने मोबाइल पाहत पाहायच्या मालिका वेगळ्या असतात. त्यांत महत्त्वाचे सारे संवादांतून आणि पार्श्वसंगीतातून पुन्हा पुन्हा सांगितले जाते, म्हणून नजर हटली तरी बिघडत नाही. इथे मात्र अख्खा विनोद दोन सेकंदांच्या एका चेहऱ्यात असू शकतो आणि त्याची सूचना देणारा कोणताही आवाज नसतो. नजर खाली गेली की तेवढा विनोद आपल्यापुरता झालाच नाही. त्याच कारणाने या मालिका वेग वाढवूनही पाहू नयेत. दीडपट वेगात संवाद समजतात, पण दोन संवादांमधला थांबा नाहीसा होतो, आणि लेखकाने बहुतेक वेळा त्या थांब्यासाठीच आधीचा संवाद लिहिलेला असतो.

परभाषेतली मालिका असेल तर सबटायटल्स लावून पाहायला संकोच करू नये. 'द रॉइल फॅमिली' मँचेस्टरमधल्या कुटुंबाची आहे. त्यातली माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, आणि इंग्रजी चांगले येणाऱ्यालाही सारे कळतेच असे नाही. मात्र सबटायटल्सची एक अडचण ध्यानात ठेवावी. नटाने वाक्य उच्चारण्याआधीच ते पडद्यावर वाचून होते आणि त्याचा नेम चुकतो. आवडलेला भाग दुसऱ्यांदा पाहताना सबटायटल्स बंद करून पाहावा. तोपर्यंत अर्थ माहीत झालेला असतो आणि कान मोकळा राहतो.

आणि एका बैठकीत सगळे पर्व संपवू नये. 'डिटेक्टरिस्ट्स'च्या एका पर्वात साधारण अर्ध्या तासाचे सहा भाग आहेत, 'गुल्लक'च्या पर्वात पाचच. सुट्टीच्या एका दिवसात ते सहज उरकतील, पण सलग पाहिल्यावर सारे भाग एकमेकांत मिसळतात आणि माणसांबरोबर काही काळ राहिल्याची जी भावना या मालिका देतात ती येत नाही. रोज एक भाग, फार तर दोन, हे प्रमाण मला योग्य वाटते.

कुठून सुरुवात करावी

आपल्या कानाला परिचित असलेल्या भाषेतून सुरुवात करावी, हे माझे स्पष्ट मत आहे. या विनोदाचा मोठा भाग बोलण्याच्या लकबींत असतो आणि त्या लकबी ओळखीच्या असल्या की निम्मे काम आपोआप होते. २००१ मध्ये सुरू झालेली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' दिलीप प्रभावळकर यांच्याच 'अनुदिनी' या रोजनिशीच्या रूपातल्या लेखनावर आधारलेली होती. केदार शिंदे यांनी तिचे दिग्दर्शन केले होते आणि आबांची भूमिका स्वतः प्रभावळकरांनी केली होती. रोजनिशी हा मूळ घाट असल्यामुळे प्रसंग लहान असणे हे तिच्या स्वभावातच होते. माणूस रोजनिशीत भूकंपाची नोंद क्वचितच करतो, दिवसभर मनाला टोचत राहिलेल्या बारीकशा गोष्टीची नोंद मात्र आवर्जून करतो. 'वागले की दुनिया'मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी कल्पिलेला कारकून अंजन श्रीवास्तव यांनी उभा केला आणि भारती आचरेकर त्याच्या पत्नीच्या भूमिकेत होत्या. दिग्दर्शक कुंदन शहा यांनी तिच्यात वागलेला कधी नायक होऊ दिले नाही आणि कधी विदूषकही होऊ दिले नाही. हा तोल किती अवघड आहे, हे इतर मालिका पाहिल्यावर कळते.

नव्या मालिकांपैकी 'गुल्लक' मी आधी सुचवेन. घरातली मातीची गुल्लक ही तिची निवेदक आहे आणि आपण गोष्ट सांगत नसून किस्से सांगतो आहोत, असे ती सुरुवातीलाच बजावते. पाहणाऱ्यासाठी ही फार प्रामाणिक सूचना आहे, कारण गोष्टीत आपण पुढे काय होणार याची वाट पाहतो, तर किस्सा ऐकताना सांगणाऱ्याच्या तपशिलांत रमतो. २०२० मध्ये आलेल्या 'पंचायत'चे पहिले पर्वही जरूर पाहावे. पुढच्या पर्वांत गावातले राजकारण आणि संघर्ष वाढत गेले; ती पर्वे रंगतात, पण या लेखापुरते महत्त्व पहिल्या पर्वाला आहे.

इंग्रजीकडे वळताना 'डिटेक्टरिस्ट्स', मग 'मम' आणि त्यानंतर 'द रॉइल फॅमिली' असा क्रम ठेवावा. 'मॅरियन अँड जेफ' सगळ्यांत शेवटी. ती सर्वांत छोटी आहे आणि सर्वांत जास्त मागणी करणारीही.

लक्ष कशाकडे ठेवावे

सर्वांत आधी प्रसंगाचा आकार पाहावा. या मालिकांत पणाला लागलेली गोष्ट लहान असते, पण ती ज्याची असते त्याच्यासाठी लहान नसते. 'पंचायत'च्या पहिल्या पर्वातला चाकांच्या खुर्चीचा भाग घ्या. गावात नव्याने आलेला सचिव अभिषेक स्वतःच्या सोयीसाठी कार्यालयात बसायला चाकांची खुर्ची आणतो. प्रधानजींना ती खुपते, पण खुपते असे सांगता येत नाही, कारण एवढ्या मोठ्या माणसाला खुर्चीचे वाईट वाटले हे कबूल करणे खुर्चीपेक्षाही कमीपणाचे आहे. मग गावात आलेल्या वरातीतला नवरदेव त्याच खुर्चीसाठी अडून बसतो. तिघांच्या तीन हट्टांत कुणीही दुष्ट नाही आणि कुणीही मूर्ख नाही. दिग्दर्शक त्या खुर्चीला हास्यास्पद संगीत देत नाही की तिच्यावर कॅमेरा रोखून आपल्याला खुणावत नाही. प्रधानजींच्या तोंडी खुर्चीचा विषय सोडून बाकी सारे विषय येतात, आणि ते टाळणे पाहण्यातच गंमत आहे. असा प्रसंग पाहताना स्वतःला विचारावे की या माणसाला नेमके काय हवे आहे आणि ते तो का मागू शकत नाही. या एका प्रश्नाने या मालिकांची निम्मी दारे उघडतात.

त्यानंतरची गोष्ट म्हणजे बोललेले आणि न बोललेले यांतले अंतर. याचे सर्वांत धीट उदाहरण २००० मध्ये बीबीसी टूवर आलेल्या 'मॅरियन अँड जेफ'चे आहे. पडद्यावर एकच माणूस, रॉब ब्रायडन यांनी साकारलेला टॅक्सीचालक कीथ. तो गाडीत बसून कॅमेऱ्याशी बोलतो आणि एकेक भाग साधारण दहा मिनिटांत संपतो. मॅरियन ही त्याला सोडून गेलेली बायको आणि जेफ हा ती ज्याच्याकडे गेली तो माणूस, पण या दोघांपैकी कुणीही आपल्याला दिसत नाही. कीथ अत्यंत उत्साहाने सांगतो की बायको गेली असे त्याला वाटतच नाही, उलट जेफसारखा मित्र मिळाला असे वाटते. त्याच्या आवाजात कडवटपणा नाही, आव आणलेला मोठेपणाही नाही. त्याला ते खरेच तसे वाटते, किंवा वाटावे म्हणून तो धडपडतो आहे. तो जे सांगतो त्यातून त्याला न कळलेली हकीकत आपल्याला कळत जाते. कीथ एक कथा सांगतो, आपण मनात दुसरी कथा जुळवतो, आणि या दोन कथा एकमेकींपासून जितक्या दूर जातात तितके हसू येते आणि तितकाच घसाही दाटतो. पाहणाऱ्याने हे जुळवण्याचे काम केले नाही तर पडद्यावर गाडीत बसून बडबडणाऱ्या माणसापलीकडे काहीच उरत नाही. म्हणूनच ही मालिका नवख्या प्रेक्षकाने आधी पाहू नये, असे मी म्हणतो.

बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याकडे पाहावे, ही सूचना कदाचित सर्वांत उपयोगाची ठरेल. आपली नजर स्वाभाविकपणे बोलणाऱ्याकडे जाते, पण या मालिकांचे दिग्दर्शक आणि संकलक वाक्य पूर्ण होण्याआधीच अनेकदा ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवतात. स्टीफन गोलाशेव्स्की यांनी लिहिलेल्या 'मम'मध्ये (२०१६ ते २०१९) कॅथी ही नुकतीच विधवा झालेली मध्यमवयीन बाई आहे आणि पहिला भाग तिच्या नवऱ्याच्या अंत्यविधीच्या दिवशी घडतो. मुलाची मैत्रीण केली घरात येते आणि भाबडेपणाने एकामागून एक नको ती वाक्ये बोलत सुटते. केलीची भूमिका करणाऱ्या लिसा मॅकग्रिलिस यांचे काम उत्तमच आहे, पण त्या वेळी कॅथी झालेल्या लेस्ली मॅनव्हिल यांचा चेहरा पाहावा. दुखावणे, समजून घेणे, हसू आवरणे आणि समोरच्या मुलीला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून चटकन काहीतरी गोड बोलणे, हे सारे काही क्षणांत त्या चेहऱ्यावरून सरकते. कॅथीचा जुना मित्र मायकल तिच्यावर प्रेम करतो हेही आपल्याला त्याच्या संवादांपेक्षा त्याच्या ऐकण्यातून आधी कळते.

पुनरावृत्तीबद्दल थोडे थांबून बोलायला हवे, कारण नवा प्रेक्षक कंटाळतो तो बहुधा इथे. 'द रॉइल फॅमिली' जवळजवळ पूर्णपणे एका घरात घडते. कॅरोलाइन अहर्न, क्रेग कॅश आणि हेन्री नॉर्मल यांनी ती रचली, आणि तिच्यात ना प्रेक्षक आहेत ना हशा. कुटुंब टीव्हीसमोर बसलेले असते. आई बार्बरा येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवण झाले का, काय खाल्ले, हे विचारते. धाकट्या अँटनीला प्रत्येक जण काही ना काही आणायला उठवतो. बाप जिम खुर्चीतून न उठता साऱ्या जगावर ताशेरे ओढतो. पहिल्या भागात हे घडते, दुसऱ्यात घडते, पुढेही घडत राहते. कथानक पुढे सरकावे अशी अपेक्षा असणाऱ्याला हा वेळकाढूपणा वाटतो. प्रत्यक्षात लेखक आपल्याला त्या घराचे नियम शिकवीत असतात, आणि नियम पाठ झाल्याशिवाय त्यांतला बारीकसा बदल जाणवत नाही.

तो बदल १९९९ च्या नाताळच्या भागात येतो. मुलगी डेनिस गरोदर आहे आणि तिला कळा सुरू होतात. ती न्हाणीघरात जमिनीवर बसून रडते आहे, आई होणे आपल्याला जमणार नाही या भीतीने घाबरली आहे. तिच्याजवळ येऊन बसतो तो जिम. एरवी खुर्चीतून न उठणारा, कुणालाही धड शब्द न बोलणारा बाप. तो काही मोठे बोलत नाही. त्याचा सूर नेहमीचाच आहे, मधूनच त्याची थट्टाही चालू आहे, पण तो तिथे बसून राहतो. हा प्रसंग एकट्याने कापून दाखवला तर बाप मुलीला धीर देतो आहे एवढेच दिसेल. आधीचे सारे भाग जिमला खुर्चीत पाहिलेल्या माणसाला मात्र त्या न्हाणीघराच्या जमिनीचे मोल कळते. पुनरावृत्तीची किंमत इथे वसूल होते, आणि म्हणून अशा मालिका निवडक प्रसंगांच्या चित्रफिती पाहून जोखू नयेत.

जागेकडेही लक्ष द्यावे. मॅकेन्झी क्रूक यांनी 'डिटेक्टरिस्ट्स' लिहिली, दिग्दर्शित केली आणि टोबी जोन्स यांच्यासह तिच्यात प्रमुख कामही केले. त्यांचे अँडी आणि लान्स शेतात यंत्र फिरवत सोन्याची स्वप्ने पाहतात आणि त्यांना बहुतेक वेळा डब्यांच्या झाकणाच्या कड्या आणि बटणे सापडतात. मग झाडाखाली बसून आदल्या रात्रीच्या प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमावर गप्पा होतात. कॅमेरा मधूनच त्यांना सोडून गवतावर, किड्यांवर, आभाळावर जातो. हे भाग पुढे ढकलून पाहणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांना ही मालिका पातळ वाटते. त्या दृश्यांतून मालिका आपल्याला त्या दोघांच्या वेळेचे माप देते. शेकडो वर्षे जमिनीखाली काय काय पडून आहे आणि वर ही दोन माणसे किती मन लावून हळूहळू चालत आहेत, हे त्या थांबलेल्या कॅमेऱ्यामुळे जाणवते. त्यांचा छंद बाहेरच्याला विचित्र वाटेल असा आहे, तरी क्रूक एकदाही त्या छंदाला हसत नाहीत.

शांत आणि सपक यांतला फरक

हळू चालणारी प्रत्येक मालिका चांगली असते असे नाही. मुद्रित हशा काढून टाकला, संवाद कमी केले आणि खिडकीतून बाहेर पाहणारी माणसे दाखवली की शांत विनोद तयार होतो, असा समज अलीकडे काही निर्मात्यांचा झालेला दिसतो. ओळखायचे कसे? एखादा प्रसंग संपल्यावर आधी माहीत नसलेले काही त्या माणसाबद्दल आपल्याला कळले का, हे पाहावे. चांगल्या मालिकेत अर्ध्या मिनिटाच्या शांततेतही कुणीतरी काहीतरी ठरवीत असते, टाळत असते किंवा गिळत असते. सपक मालिकेत शांतता फक्त लांबी वाढवते. दोन भाग पाहूनही एकाही माणसाचे पुढचे वाक्य काय असेल याचा अंदाज बांधता येत नसेल, तर दोष बहुधा लेखनाचा आहे आणि ती मालिका बिनदिक्कत सोडावी.

त्याहून महत्त्वाचा दुसरा फरक आहे तो आपुलकीचा आणि खिल्लीचा. साध्या माणसांवर विनोदी मालिका करताना त्यांच्या अडाणीपणाला, त्यांच्या इंग्रजीला, त्यांच्या हौशी घरसजावटीला हसणे फार सोपे असते, आणि असा विनोद शांत आवाजात केला तरी तो हिणवणाराच राहतो. इथे मी एक कसोटी लावतो. पात्रांपैकी एखाद्याने आपल्यावरची ही मालिका पाहिली असती तर त्याला काय वाटले असते? वागले थोडा ओशाळला असता आणि मग हसला असता. लान्सने यंत्र धरण्याच्या पद्धतीतली एखादी चूक काढली असती, पण मालिका आपल्या बाजूची आहे हे त्याला कळले असते. ज्या मालिकेतल्या पात्राला अपमान झाला असे वाटून तोंड लपवावे लागले असते, ती मालिका कितीही सुबक असली तरी तिच्यात मन रमत नाही. हा नियम मी काटेकोरपणे पाळतो आणि त्यामुळे लोकांनी वाखाणलेल्या काही मालिका मी मधूनच बंद केल्या आहेत.

यांतल्या बहुतेक मालिकांत दुःख असते, हेही आधीच माहीत असलेले बरे. विधवा, सोडून गेलेली बायको, तुटपुंजा पगार, म्हातारपण. विनोदी मालिका म्हणून बसलेला माणूस अचानक गलबलतो आणि त्याला फसवले गेल्यासारखे वाटते. मनाची तयारी नसेल त्या दिवशी 'मम' किंवा 'मॅरियन अँड जेफ' लावू नये; 'डिटेक्टरिस्ट्स' किंवा 'गुल्लक' लावावी.

दुसऱ्याला दाखवताना

अशी मालिका आवडली की ती कुणाला तरी दाखवावीशी वाटते, आणि बहुतेक वेळा तिथेच घोटाळा होतो. फार हसायला येईल असे सांगून कुणाला बसवू नका, कारण मग ते माणूस प्रत्येक मिनिटाला हशाची वाट पाहते. त्यातल्या माणसांबद्दल सांगावे: एक बाप आहे, तो असा आहे, दोन मित्र आहेत, ते हे शोधतात. पहिला भाग शक्यतो वगळू नये, पण मालिकेची सुरुवात खरोखरच संथ असेल तर एखादा स्वतंत्र उभा राहणारा भाग निवडावा. 'पंचायत'मधला खुर्चीचा भाग अशा कामाला चांगला आहे. 'द रॉइल फॅमिली'ची सुरुवात नाताळच्या भागाने करून देऊ नये, त्याने त्या भागाचेही नुकसान होते.

भाग चालू असताना आपण पडद्याकडेच पाहावे. पुढे येणारा आवडता प्रसंग ठाऊक असल्यामुळे समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याचा मोह होतो, आणि आपल्याकडे कुणी पाहत आहे हे कळले की माणूस भिडेने हसतो किंवा हसायचे विसरतो. भाग संपल्यावर लगेच कसे वाटले असेही विचारू नये. त्याने दुसरा भाग लावायला सांगितले तर लावावा; नाही सांगितले तर विषय सोडून द्यावा, आणि पुढच्या वेळी वेगळ्या स्वभावाची मालिका सुचवून पाहावी.